साक्षीदार समोर, प्रश्न भलतेच

रोजच्या संपर्कातल्या रसायनांमुळे शरीरातली संप्रेरकं बिघडतात का, या वादाचा पहिला अंक आता सगळ्यांना पाठ झाला आहे. कोणीतरी एखाद्या प्रयोगाचा हवाला देतं: मूत्रपिंडावर बसलेल्या मानवी अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथीच्या पेशींवर अमुक रसायन सोडलं आणि कॉर्टिसॉल हे ताणाच्या वेळी लागणारं संप्रेरक खाली आलं. एक बाजू लगेच ‘विष, विष’ म्हणून उठते. दुसरी तितक्याच तत्परतेनं हात झटकते: बशीतल्या पेशी म्हणजे माणूस नव्हे. पहिल्या बाजूला सुतावरून स्वर्ग गाठायचा असतो. थकवा, झोप न लागणं, वजन वाढणं, सगळ्याचं मूळ तिला त्या एका प्रयोगात सापडतं. पाठोपाठ ‘ॲड्रिनल फटीग’ या नावाच्या, अंतःस्रावतज्ज्ञ ज्याला आजार मानायलाच तयार नाहीत अशा दुखण्यावरची गोळी विकायला येते. दुसऱ्या बाजूचं काम त्याहून सोपं आहे. तिला काहीच करायचं नसतं. ‘बशी म्हणजे माणूस नव्हे’ एवढं एकदा म्हटलं की झालं.

या दोघांनाही पेशीनं नेमकं काय सांगितलं यात रस नाही. एकाला ती न्यायाधीश वाटते, दुसऱ्याला बाजारगप्पा. प्रत्यक्षात ती साक्षीदार आहे. साक्षीवरून लगेच शिक्षा सुनवायची नसते, हे खरं. पण साक्ष नोंदवून घ्यायची असते, आणि ज्याच्याविरुद्ध ती आहे त्याला बोलावून खुलासा मागायचा असतो. माझं म्हणणं एवढंच आहे की अधिवृक्काच्या पेशीनं एखाद्या रसायनाबद्दल तक्रार केली, तर ते निर्धोक असल्याचं दाखवण्याची जबाबदारी ते बनवणाऱ्यावर जायला हवी. आणि त्याच्याही आधीची गोष्ट म्हणजे, या साक्षीदाराला निदान योग्य ते प्रश्न विचारले जायला हवेत. आज ते विचारले जात नाहीत, आणि वादात याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही.

हा साक्षीदार कोण ते आधी पाहू. १९८० साली एका ४८ वर्षांच्या कृष्णवर्णीय स्त्रीच्या अधिवृक्कातल्या कर्करोगाच्या गाठीतून काही पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या गेल्या. त्यांचा वंश आजही चालू आहे. त्यातून पुढे निघालेल्या, तळाला चिकटून वाढणाऱ्या पेशींना ‘एच२९५आर’ म्हणतात. (त्या बाईचं नाव शोधनिबंधांत नाही. जगभरच्या रसायनांची पारख जिच्या पेशींवर होते ती वय आणि वर्ण यांपुरतीच उरली आहे.) चोवीस खळग्यांच्या प्लॅस्टिकच्या प्लेटमध्ये या पेशी पसरतात, एकेका खळग्यात जेमतेम एक मिलिलिटर पोषकद्रव असतो. एक दिवस त्यांना रुळू देतात, मग रसायन घालून ४८ तास ठेवतात आणि शेवटी तो द्रव काढून त्यात कोणतं संप्रेरक किती उतरलं ते मोजतात. पेशी नुसत्या मेल्या म्हणून उत्पादन घटलं असं होऊ नये, यासाठी त्या जिवंत आहेत का हेही तपासतात. प्रत्येक वेळी शेजारच्या खळग्यांत दोन ओळखीची रसायनं ठेवलेली असतात. उत्पादन वाढलं की कसं दिसतं ते दाखवायला फोर्स्कोलिन, आणि अडलं की कसं दिसतं ते दाखवायला प्रोक्लोराझ. हे प्रोक्लोराझ म्हणजे शेतात फवारण्यासाठी बनवलेलं बुरशीनाशक! मानवी पेशीतली संप्रेरकनिर्मिती अडवण्याचा नमुना म्हणून प्रयोगशाळेनं जो पदार्थ निवडला, तो मुळात पिकावर मारायचा होता.

हा योगायोग नाही. अधिवृक्काच्या बाह्यकात, म्हणजे बाहेरच्या थरात, सगळी सुरुवात कोलेस्टेरॉलपासून होते. ते मायटोकाँड्रियाच्या, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघराच्या, आत नेलं जातं, तिथे एक एन्झाइम त्याची शेपटी छाटून प्रेग्नेनोलोन बनवतं, आणि मग एकाच्या हातचं दुसऱ्याच्या हाती देत पुढचा प्रवास होतो. बाहेरच्या पट्ट्यात क्षार आणि रक्तदाब सांभाळणारं अल्डोस्टेरॉन, मधल्या पट्ट्यात कॉर्टिसॉल, आतल्या पट्ट्यात पुरुषी संप्रेरकांचा कच्चा माल. यातली बहुतेक एन्झाइमं ‘सायटोक्रोम पी४५०’ या एकाच घराण्यातली आहेत, आणि त्यांच्या गाभ्यात लोहाचा एक अणू असतो. बुरशीलाही आपल्या पेशीचं आवरण बांधायला एर्गोस्टेरॉल लागतं, आणि ते बनवणारं तिचं एन्झाइम याच घराण्यातलं. ॲझोल वर्गातली बुरशीनाशकं त्या लोहाच्या अणूला जाऊन चिकटतात आणि काम थांबवतात. आता बुरशीच्या लोहाला चिकटणारा रेणू माणसाच्या लोहाला ओळख देणार नाही, असं कशाच्या जोरावर म्हणायचं? याच वर्गातलं केटोकोनॅझोल बुरशीवरचं औषध म्हणून आलं. शरीरात कॉर्टिसॉल अति झाल्यानं होणाऱ्या कुशिंग सिंड्रोमवर ते आता दिलं जातं, कारण ते अधिवृक्काला आवर घालतं. म्हणजे डॉक्टर ज्या गुणासाठी हे औषध लिहून देतात, तोच गुण त्याच्या चुलतभावांत असेल तर काय, असा प्रश्न विचारणाऱ्याला भयगंड झालेला नाही.

आता ते भलतेच प्रश्न. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०११ मध्ये या पेशींवरची चाचणी अधिकृत केली, मार्गदर्शिका क्रमांक ४५६. तिच्यात मोजायला सांगितलेली संप्रेरकं दोन: टेस्टोस्टेरॉन आणि एस्ट्रॅडायॉल. पेशी अधिवृक्काची, तिचं खास उत्पादन कॉर्टिसॉल आणि अल्डोस्टेरॉन, आणि आपण तिच्याकडे चौकशी करतो ती वृषणाच्या आणि अंडाशयाच्या मालाची. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच. याला इतिहास आहे. १९९६ साली अमेरिकेत या विषयावर जो कायदा झाला, त्यात नाव घेऊन उल्लेख होता एस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारख्या परिणामांचा. बाकीचं अधिकाऱ्यांच्या मर्जीवर. तेव्हा चिंता प्रजननाची होती, आणि ती रास्तही होती. चौकट तिथे आखली गेली आणि अधिवृक्क तिच्या बाहेर राहिला. फिलिप हार्वे आणि डेव्हिड एव्हरेट या विषशास्त्रज्ञांनी २००३ मध्येच ही उणीव लिहून दाखवली होती. विषशास्त्रात अंतःस्रावी ग्रंथींपैकी सर्वाधिक वेळा इजा झालेली दिसते ती अधिवृक्कालाच. कारणं उघड आहेत. आकाराच्या मानानं तिला मिळणारा रक्तपुरवठा प्रचंड, साठवलेली चरबी भरपूर, म्हणून चरबीत विरघळणारी रसायनं तिथे मुक्काम ठोकतात. शिवाय एन्झाइमं इतकी की एखादं निरुपद्रवी रसायन तिथेच घातक रूपात बदलू शकतं.

विरोधकांचे मुद्दे मात्र हलके नाहीत, आणि आपल्या बाजूचे लोक ते हलके समजतात हीच मोठी चूक आहे. पहिला मुद्दा मात्रेचा. प्रयोगात रसायन १०० मायक्रोमोलपर्यंत चढवतात; माणसाच्या रक्तात अशा बऱ्याच रसायनांचं प्रमाण त्याच्या हजारपट, कधी लाखपट कमी असतं. दुसरा मुद्दा, या पेशी कर्करोगाच्या आहेत. मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीकडून येणाऱ्या एसीटीएच या हुकमाला निरोगी अधिवृक्क जसा प्रतिसाद देतो तसा त्या देत नाहीत. तिसरा, बशीत यकृत नाही. शरीरात गेलेल्या रसायनावर यकृत संस्कार करतं, मूत्रपिंड ते बाहेर टाकतं. खळग्यातल्या पेशीला ते ४८ तास सोसावंच लागतं. चौथा आणि माझ्या मते सगळ्यांत जड मुद्दा म्हणजे शरीर भरपाई करतं. कॉर्टिसॉल थोडं घटलं की एसीटीएच वाढतं, ग्रंथी जास्त राबते, पातळी जागेवर येते. बशीतली घट खऱ्या माणसात दिसेलच असं नाही. हे चारही मुद्दे मला मान्य आहेत. त्यांतून निघणारा ‘म्हणून सोडून द्या’ हा निष्कर्ष मान्य नाही.

मात्रेचंच घ्या. ‘प्रयोगातली मात्रा जास्त होती’ हे मोजमाप करण्यासाठीचं कारण आहे, मोजमाप टाळण्यासाठीचं नव्हे. बशीतून कळतं की परिणाम कुठल्या मात्रेला सुरू होतो. रक्त तपासून कळतं की माणसात मात्रा किती आहे. दोहोंत लाखपट अंतर असेल तर खुशाल निर्धास्त राहा; दहापट असेल तर राहू नका. आणि सगळ्याच रसायनांत हे अंतर लाखपटीचं नसतं. एटोमिडेट हे भूल देण्याचं औषध घ्या. हृदयावर, रक्तदाबावर ताण न आणणारं म्हणून डॉक्टरांचं लाडकं. अतिदक्षता विभागात रुग्णांना तासन्तास शांत ठेवण्यासाठी ते शिरेतून चालू ठेवलं जाई. १९८३ मध्ये ग्लासगोच्या लेडिंगहॅम आणि वॉट या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहिलं: या औषधावर ठेवलेले जखमी रुग्ण जास्त मरताहेत. शोध घेतला तेव्हा कळलं की ते कॉर्टिसॉल बनवणाऱ्या शेवटच्या एन्झाइमलाच कुलूप लावतं, तेही नॅनोमोल (मायक्रोमोलचा हजारावा भाग) पातळीवर, झोप आणायला लागते त्याहून कमी मात्रेत. गंभीर जखमी माणसाला ज्या संप्रेरकाची सर्वाधिक गरज असते, तेच बंद. हे औषध सगळ्या तपासण्यांतून गेलेलं होतं. अधिवृक्काला काय होतं हे कोणी विचारलं नव्हतं इतकंच. तेव्हा मानवी पेशींवरची तयार चाचणी हाताशी नव्हती, ही सबब तरी होती. आज ती आहे का?

‘मग पूर्ण प्राण्यावर तपासा, बशीचा नाद सोडा,’ असंही म्हणतात. ऐकायला रास्त वाटतं. पण विषशास्त्राचा हक्काचा प्राणी कोण? उंदीर. आणि उंदराच्या अधिवृक्कात कॉर्टिसॉल जवळजवळ बनतच नाही! त्यासाठी लागणारं एक एन्झाइम त्याच्या अधिवृक्कात काम करत नाही. त्याचं सगळं भागतं कॉर्टिकोस्टेरॉनवर. मानवी अधिवृक्क भरभरून बनवतो ते डीएचईए हे संप्रेरकही तिथे नसल्यातच जमा. डीडीटीचा भाऊबंद डीडीडी या कीटकनाशकाचं उदाहरण तर बोलकं आहे. १९४९ मध्ये ते कुत्र्यांना दिलं तेव्हा त्यांच्या अधिवृक्काचा बाह्यक सुकून गेला. उंदीर याच रसायनाला बऱ्यापैकी दाद देत नाही. माणसाची ग्रंथी कुत्र्याच्या बाजूची निघाली, आणि म्हणूनच त्याच रसायनाचं एक रूप, मायटोटेन, आज अधिवृक्काच्या कर्करोगावर औषध म्हणून वापरतात. ते ग्रंथीत शिरतं, तिथल्याच यंत्रणेकडून स्वतःला घातक रूप देववून घेतं आणि तिला मारतं. फक्त उंदरांवर विसंबलो असतो तर ही गोष्ट हातून निसटली असती. बशीतली पेशी कर्करोगाची का होईना, आहे माणसाची.

भरपाईच्या मुद्द्याकडे यायला हवं, कारण खरा वाद तिथेच आहे. १८५५ मध्ये थॉमस ॲडिसननं अधिवृक्क निकामी झालेल्या रुग्णांचं वर्णन केलं: काळवंडलेली त्वचा, खंगलेलं शरीर, क्षीण नाडी. त्या आजाराबद्दल वैद्यकाच्या पुस्तकांत एक आकडा नेहमी येतो. ग्रंथीच्या बाह्यकाचा सुमारे ९० टक्के भाग नष्ट होईपर्यंत रोगाची ठळक लक्षणं दिसत नाहीत. विरोधक हा आकडा ‘बघा, केवढी राखीव ताकद’ म्हणून सांगतील. मी तोच आकडा उलटा वाचतो. लक्षण नाही म्हणजे नुकसान नाही, हे अधिवृक्काच्या बाबतीत म्हणताच येत नाही, कारण ही ग्रंथी तोंड बंद ठेवून झिजते. एखादा ताप आला, शस्त्रक्रिया झाली, अपघात झाला की राखीव ताकदीची गरज पडते. ती आहे की नाही हे तेव्हा कळतं.

भरपाई फुकटही होत नाही. निसर्गानंच याचा प्रयोग मांडून ठेवला आहे. सुमारे १५ हजार जन्मांमागे एका बाळात कॉर्टिसॉलच्या वाटेवरचं २१-हायड्रॉक्सिलेज हे एन्झाइम जन्मतःच अधू असतं. कॉर्टिसॉल कमी पडतं म्हणून एसीटीएच ओरडत राहतं, ग्रंथी फुगते, आणि पुढची वाट बंद असल्यानं अर्धवट तयार झालेला माल बाजूच्या वाटेनं वळून पुरुषी संप्रेरकं बनतो. मुलीच्या गर्भात याचे परिणाम जन्माआधीच दिसतात. सौम्य प्रकारात कॉर्टिसॉलची पातळी जवळपास ठीकही सापडते, आणि तरी पुढे पाळी, त्वचा, केस यांच्या तक्रारी उभ्या राहतात. बंधारा घातला की पाणी थांबत नाही, ते शेजारच्या शेतात शिरतं. रसायनानं केलेला अडथळा जन्मजात दोषाइतका जबर नसतो हे कबूल. पण ‘कॉर्टिसॉल ठीक आहे ना, मग झालं तर’ हे उत्तर पुरेसं नाही, हे यावरून कळायला हरकत नसावी. बाल्टिक समुद्रातल्या करड्या सीलमध्ये विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नेमकी ही खूण दिसली होती. अधिवृक्काचा बाह्यक वाढलेला, आणि चरबीत डीडीटीचे अवशेष नि पीसीबी ही कारखान्यांतली रसायनं साठलेली. प्रत्येक जखमेचं बोट एकेका रसायनाकडे दाखवता आलं नाही. ती रसायनं बंद झाली आणि सील पुन्हा वाढले, एवढं मात्र झालं.

एकेका रसायनाची मात्रा निर्धोक आहे म्हणून निश्चिंत राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. २००२ मध्ये लंडनमधल्या संशोधकांनी एस्ट्रोजेनसारखी वागणारी आठ क्षीण रसायनं घेतली, प्रत्येकाची मात्रा एकट्यानं काहीही न करण्याइतकी ठेवली आणि ती एकत्र केली. परिणाम स्पष्ट दिसला. तो प्रयोग अधिवृक्काचा नव्हता, हे मी आधीच सांगून टाकतो. पण ॲझोल वर्गातले पाच-सहा पदार्थ एकाच लोहाच्या अणूला चिकटणार असतील, तर त्यांची बेरीज न होण्याचं कारण काय? परवानगी देताना मात्र बहुतेकदा प्रत्येकाचा हिशेब वेगळा मांडला जातो, जणू माणूस एका वेळी एकाच रसायनाला सामोरा जातो. आणि हिशेब मांडताना डोळ्यांसमोर बऱ्याचदा प्रौढ असतो. गर्भातल्या बाळाचा अधिवृक्क शरीराच्या मानानं प्रौढाच्या कितीतरी पट मोठा असतो. जन्मानंतर काही महिन्यांत त्याचा बराच भाग विरून जातो. बाळाची फुप्फुसं हवा घ्यायला तयार होण्यात कॉर्टिसॉलचा वाटा असतो. वेळेआधी जन्मणाऱ्या बाळांसाठी आईला त्याच जातीची इंजेक्शनं देतात ती यासाठीच. तिथे थोड्या दिवसांची घट आणि पन्नाशीतल्या माणसातली थोड्या दिवसांची घट एकाच तराजूत कशी घालणार?

‘निसर्गातही असे पदार्थ आहेत’ हा युक्तिवाद मला नेहमी गमतीचा वाटतो. आहेत ना. ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिन मूत्रपिंडातल्या एका एन्झाइमला अडवतं, त्यामुळे कॉर्टिसॉल अल्डोस्टेरॉनचं काम करू लागतं, रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं. हे माहीत असल्यामुळेच डॉक्टर रक्तदाबाच्या रुग्णाला ते जपून घ्यायला सांगतात. माहिती असली की सावध राहता येतं, एवढंच यातून निघतं, आणि तेच तर मी मागतो आहे.

राहिला खर्च. हजारो रसायनांसाठी सगळी संप्रेरकं मोजणं अव्यवहार्य आहे, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी याच एच२९५आर पेशींवर २०६० नमुन्यांची चाळणी प्रसिद्ध केली. टप्प्याटप्प्यानं काम करत त्यांनी कॉर्टिसॉल धरून १० संप्रेरकं मोजली, आणि वेगवेगळ्या मात्रांवर खोलात तपासण्यासाठी ५२४ नमुने निवडले. जिथे सगळ्या नमुन्यांवर एकदम खर्च करायचा नाही तिथे अशी चाळणी लावता येते, हे त्यांनी करूनच दाखवलं. यातला प्रत्येक नमुना घातक आहे असं कोणीही म्हणू नये. मीही म्हणत नाही. फक्त अशा चाळणीत अडकणाऱ्या रसायनांना बाजारात यायच्या आधी दुसऱ्या टप्प्याची तपासणी द्यावी लागावी, आणि तिचा खर्च बनवणाऱ्यानं करावा. एका बदनाम रसायनाच्या जागी त्याचंच जुळं भावंड आणून बसवायची चाल आपण प्लॅस्टिकसारख्या वस्तूंत वापरल्या जाणाऱ्या बिस्फेनॉल-ए आणि बिस्फेनॉल-एस यांच्या बाबतीत पाहिली आहेच. तपासणी एकेका नावाची न होता कृतीची झाली, तर ही चाल आपोआप अवघड होते.

पुराव्याची साखळी पूर्ण झाल्याशिवाय हात लावायचा नाही, हा आग्रह तर इतिहासात टिकत नाही. जहाजांच्या तळाला शेवाळ-शिंपले चिकटू नयेत म्हणून ट्रायब्युटिलटिन घातलेला रंग लावत. फ्रान्सच्या आर्काशाँ उपसागरातली कालवं त्यामुळे वाकडीतिकडी, जाड कवचाची होऊ लागली, त्यांची पिल्लं जगेनात. इतरत्र समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नराची इंद्रियं फुटू लागली. १९८२ मध्ये फ्रान्सनं लहान नौकांवर त्या रंगाला बंदी घातली. हे रसायन गोगलगायीत नेमकं काय करतं याबद्दल तेव्हा पक्कं काही माहीत नव्हतं. अनेक वर्षं मानलं गेलेलं स्पष्टीकरण पुढे मागे पडलं आणि दुसरंच पुढे आलं. बंदी मात्र योग्यच होती, कालवं परतली. अधिवृक्काच्या बाबतीत तर आपण त्यांच्यापेक्षा बऱ्या स्थितीत आहोत. कुठलं एन्झाइम, कुठला अणू, कुठली पायरी, हे आधीपासून ठाऊक आहे.

आणि नवी यंत्रणाही उभारायची नाही. ४८ तास संपले की त्या चोवीस खळग्यांतला एक-एक मिलिलिटर द्रव काढून गोठवतात. पुढे तो वितळवून त्यातलं टेस्टोस्टेरॉन मोजतात, एस्ट्रॅडायॉल मोजतात, आकडे तक्त्यात भरतात. कॉर्टिसॉलही त्याच थेंबात उतरलेलं असतं. नळी कचऱ्यात जाते तेव्हाही ते तिच्यात असतंच.